पत्ताकोबी सोडा, गोदरीकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्ताकोबीतला किडा थेट मेंदूत जातो आणि उकळूनही मरत नाही, असा संदेश दरवर्षी पावसाळा लागला की मोबाइलवरून गावोगाव फिरतो. त्यापायी वर्धा-यवतमाळकडच्या कित्येक घरांत पत्ताकोबी बंद झाली आहे. आजार खरा आहे, पण चोर सोडून संन्याशाला फाशी असा हा प्रकार आहे.

पत्ताकोबीच्या पानांत दिसते ती पतंगाची अळी. फोडणीत पडली की मरते आणि चुकून पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत गाठ होते ती डुकराच्या पट्टकृमीमुळे, म्हणजे टिनिया सोलियममुळे. त्याचे अंडे डोळ्यांना दिसतच नाही. एका मिलिमीटरात तीसेक अंडी ओळीने मावतील इतके ते बारीक असते. ही अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या आतड्यात मोठा कृमी आहे असा माणूस गावात नसेल, तर गावभर पत्ताकोबी खाल्ली तरी कोणाच्या डोक्यात काही जात नाही.

गोंधळ होतो तो कृमीच्या दोन अवस्थांमुळे. डुकराच्या मांसात याचे फोड असतात. शिजलेल्या साबुदाण्याचा दाणा आठवा: पारदर्शक, पाण्याने भरलेला आणि मधोमध पांढरा ठिपका. असे मांस कच्चे राहिले तर त्या ठिपक्यातले डोके आतड्याला चिकटते आणि दोनेक महिन्यांत तिथे २ ते ७ मीटर लांबीचा कृमी तयार होतो. माणसाला याचा फारसा त्रास नसतो. कधी पोट दुखते, कधी शौचात कोहळ्याच्या बीएवढे चपटे पांढरे तुकडे दिसतात. पिकलेल्या एका तुकड्यात सुमारे ५० हजार अंडी असतात. ती गोदरीत, म्हणजे उघड्यावर शौचाला बसायच्या जागी, पडतात, डुक्कर खाते, आणि त्याच्या मांसात पुन्हा फोड येतात. तीच अंडी हातावरून, पाण्यातून किंवा कच्च्या भाजीवरून माणसाच्या तोंडात गेली, की डुकराच्या जागी माणूस येतो. फोड होतात ते त्याच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत.

म्हणून 'आम्ही माळकरी, आम्हाला कसा होईल' या प्रश्नाला अर्थ राहत नाही. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डुकराला शिवतही नाहीत अशा कर्मठ ज्यू कुटुंबांत हा मेंदूचा आजार सापडला. माग काढला तेव्हा बोट गेले ते स्वयंपाकपाण्यासाठी ठेवलेल्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मदतनिसांकडे. पोटात कृमी असलेली व्यक्ती रोज घरात स्वयंपाक करत असेल, तर अंडी ताटापर्यंत पोचायला शेतातून फिरून यावे लागत नाही.

जगाच्या नकाशावर हा आजार लॅटिन अमेरिका, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया आणि चीनचा काही भाग असा पसरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मेंदूत असे फोड असलेले लोक २५ ते ८३ लाख आहेत, आणि जिथे हा कृमी मुरलेला आहे तिथल्या मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो. पश्चिम युरोपात डुकराचे मांस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खातात, तरी तिथून हा कृमी जवळपास गेला, कारण डुक्कर कोठ्यात बांधले गेले, मांस तपासूनच विकायला आले आणि संडास झाले. उलट १९७० च्या दशकात बालीहून आणलेल्या डुकरांबरोबर तो पश्चिम न्यू गिनीच्या डोंगराळ भागात पोचला. तिथे रात्री शेकोटीजवळ झोपायची पद्धत. झोपेत फिट येऊन माणसे विस्तवात पडू लागली आणि भाजलेल्यांची संख्या एकाएकी वाढली, तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आले. आपल्याकडचा कृमीही परदेशात गाजलेला आहे: १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांचा अभ्यास छापला गेला, त्यांतले बहुतेक जण हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले सैनिक होते. थोडक्यात, माणसाच्या विष्ठेपर्यंत डुकराचे तोंड जिथे पोचते, तिथे हा आजार आहे.

आता आपल्या गावात या. संडास बांधले, अनुदान उचलले, हागणदारीमुक्तीची पाटी लागली. दार उघडून बघितले तर कित्येक ठिकाणी आत पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांचे भारे रचलेले. गुड मॉर्निंग पथक शिट्टी वाजवून गेले की लोक पुन्हा टमरेल घेऊन नाल्याकडे. वापरात असलेल्या संडासांतही एक चूक हमखास होते. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल, तर मधल्या चेंबरमध्ये एका वेळी एकच तोंड उघडे ठेवायचे असते. पहिला खड्डा भरला की त्याचे तोंड बंद करून दुसरे उघडायचे आणि पहिल्याला किमान दीड-दोन वर्षे हात लावायचा नाही, म्हणजे त्यात माती होते आणि अंडी मरतात. गवंडी दोन्ही तोंडे उघडी ठेवून मोकळा होतो. दोन्ही खड्डे बरोबरच भरतात आणि ओला गाळ उपसून नाल्यात किंवा सरळ वावरात जातो. मग त्याच वावरातला सांबार (कोथिंबीर), पातीचा कांदा आणि मुळा बाजारात येतो. भीती धरायचीच असेल तर या कच्च्या खाण्याची धरा. पत्ताकोबी बिचारी निदान शिजवली तरी जाते. कच्ची भाजी पान-पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. क्लोरीनच्या गोळीवर भरवसा नको, या अंड्याचे कवच तिला दाद देत नाही. पाणी उकळले तर मात्र ते मरते.

डुकराचे मांस खाणाऱ्यांनीही घाबरू नये. तासभर रटरटलेल्या रश्श्यात हा फोड जगत नाही. धोका असतो तो निखाऱ्यावर वरवर शेकलेल्या मोठ्या तुकड्यात. इंचभराचे तुकडे करावेत आणि आत गुलाबी राहू देऊ नये. उणे ५ अंशांवर ४ दिवस गोठवले तरी फोड मरतात, पण आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये त्या फ्रीजवर कोणी विसंबू नये. कापणाऱ्याने आधी जनावराची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूने अंगठा फिरवावा. मटारासारखे दाणे लागले तर ते मांस विकू नये. दाणे लागले नाहीत म्हणून मांस स्वच्छ, असे मात्र नाही. फोड थोडे असले तर जिभेवर सापडत नाहीत. ते खांद्याच्या आणि मांडीच्या मांसात काप देऊन बघावे लागतात.

फिटबद्दल थोडे. धडधाकट पोराला अचानक हातापायाचे झटके आले की आधी चप्पल हुंगवतात, मग देवर्षी, आणि महिन्याभराने नागपूर किंवा सेवाग्राम. सीटी स्कॅनमध्ये बहुधा एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, कडीसारखी गाठ दिसते. भारतात या आजाराचे हेच रूप जास्त आढळते. पूर्वी अशा गाठीला क्षयाची समजून वर्ष-दीड वर्ष टीबीची औषधे चालवली जात. या दोहोंत फरक कसा करायचा याचे निकष वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी घालून दिले, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. बहुतेकांची ही गाठ काही महिन्यांत विरते. फिटची गोळी मात्र डॉक्टर सांगतील तोवर सोडायची नाही.

जंताची गोळी आपल्या मनाने घेऊन मेंदूचा आजार बरा करायला जाऊ नये. मेंदूतले फोड मरताना सूज येते आणि फिट वाढतात. म्हणून अल्बेंडाझोल ही जंताची गोळी स्टेरॉइडच्या आडोशाने, स्कॅन बघून आणि डोळे तपासूनच देतात. शाळेत मिळणारी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी गोल जंत आणि अंकुशकृमींसाठी चांगली आहे, ती पोरांना जरूर द्यावी. पट्टकृमीला मात्र ती पुरत नाही.

आम्हाला खटकते ते पुढचे. रुग्णाला स्कॅन मिळतो, गोळ्या मिळतात, पण त्याच्या घरातल्या बाकीच्यांची शौच तपासणी सहसा होत नाही. अंडी कुठून तरी आली. बहुतेक वेळा त्याच घरातून किंवा शेजारून. तपासणी एकदाच करून भागत नाही. अंडी रोज पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने बघावे लागतात. ज्याच्या पोटात कृमी निघेल त्याला निक्लोसामाइड २ ग्रॅम, चावून, एकदाच. हे औषध आतड्यातच राहते, रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून मेंदूत लपलेला फोड असला तरी तो चाळवत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मागितले तर कित्येकदा नावही ओळखीचे नसते.

डुकरांसाठीची लस परदेशातून आणावी लागते असेही नाही. ऑस्ट्रेलियात शोधलेली टीएसओएल-१८ ही लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बाजारात आणली आहे. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या आणि सोबत ऑक्सफेंडाझोल हे जंतनाशक, किलोमागे ३० मिलिग्रॅम. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस असा मेळ घालून १०७ पैकी १०५ गावांत कृमीचा फैलाव थांबवला गेला. आपल्याकडे नगरपालिका दर दोन वर्षांनी डुकरे पकडायचा ठेका देते, पाळणारे रस्त्यावर येतात, आणि चार महिन्यांत नवी पिले उकिरड्यावर दिसतात. पाळणाऱ्याचे कुटुंब या आजाराच्या सगळ्यात जवळ असते. त्याला हाकलण्यापेक्षा गावाबाहेर जागा, कुंपणासाठी जाळी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून दोन टोचण्या मिळाल्या, तर त्याचे डुक्कर वजनालाही भरेल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन विभागांनी फिटच्या रुग्णांची आणि मोकाट डुकरांची गावनिहाय यादी एकत्र ठेवून बघावी. सुरुवातीला एका तालुक्यापुरती केली तरी चालेल.

आपले,
एक डॉक्टर व एक पशुवैद्यक
(जि. यवतमाळ)