व्हर्च्युअल मशीन हलवताना होणारे हाल

संपादक महोदय,

२०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर, चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतलं आणि एकदाच विकत घेऊन कायम वापरायचं लायसन्स मिळणं बंद झालं, तेव्हापासून बरेच जण मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही नाहीतर लिनक्सच्या केव्हीएमकडे वळतायत, पण सगळं एकदम हलत नाही त्यामुळे दोन-तीन प्लॅटफॉर्म सोबतच सांभाळावे लागतात. व्हीएमवेअरची व्हीएमडीके, हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स, केव्हीएमची क्यूकाऊ२, प्रत्येकाची डिस्क फाइल वेगळी, आणि ती कन्व्हर्ट केली की झालं असं नसतं हो! मी एक विंडोज मशीन केव्हीएमवर आणलं, विंडोजला तिथली डिस्क ओळखता यावी म्हणून लागणारा व्हर्टआयओ ड्रायव्हर आधी टाकायचा राहिला, बूट होतानाच निळी स्क्रीन, अख्खी रात्र गेली. मशीन एकीकडून दुसरीकडे न्यायला ओव्हीएफ स्टँडर्ड आहे खरं, पण स्नॅपशॉट (मशीनची त्या-त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) त्यातून येत नाहीत. कंपन्यांनी मशीन बाहेर न्यायची सोयही नीट द्यावी, एवढंच मागणं आहे.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन