आईची बाटली

बार्शी,
१५ जून २०२५

प्रिय मंदे,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून माझ्या पर्समध्ये आहे. मध्ये पर्स बदलली, तर ते त्या पर्समधून या पर्समध्ये आलं, पण उत्तर काही लिहून झालं नाही. फोन दोनदा झाले. फोनवर तू "कशी आहेस" म्हणतेस, मी "बरी आहे" म्हणते आणि तेवढ्यात तुझा कुकर होतो. गुडघा तसाच आहे, बीपीची गोळी चालू आहे, ह्यांची साखर आटोक्यात आहे. झालं माझं.

रंजनाचं बाळूने तुला कळवलंच असेल. होळीच्या आधी ऑपरेशन झालं, केमोचे चार डोस झाले, दोन राहिलेत. केस गेले. "डोकं हलकं झालं बघा, आता बॅजची टोपी नीट बसंल" असं म्हणते आणि आम्हाला हसवते. डॉक्टर म्हणतात वेळेत आलात. वेळेत म्हणजे कसं, ते माझं मला माहीत. दिवाळीला छातीत हाताला लागलेली गाठ हिने संक्रांतीपर्यंत कोणाला सांगितली नाही. रजा शिल्लक नाही, आणि तिथलं कसं दाखवायचं, म्हणून. पण आज तुला लिहायला बसले ते रंजनासाठी नाही. तिच्या पिंकीसाठी. आणि हे तुझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही, मंदे. का ते पुढे येईलच.

मागच्या गुरुवारी मी बाळूकडे होते. तांदळाला सोनकिडे झाले म्हणून डबा उन्हात काढायला सरकवला, तर मागे भिंतीशी काहीतरी फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. बाळूच्या जुन्या बनियनचा तुकडा, त्याला रबरबँड. सोडून बघते तर पाण्याची बाटली. लिटरची, साधी. लेबल कधीच गेलेलं, मधोमध चेपलेली, बूच दुसऱ्याच कुठल्या बाटलीचं, निळं. अंगावर मार्करने लिहिलेलं 'आई'. आ अर्धा पुसलाय.

ही रंजनाची ड्युटीची बाटली. एसटीची पहाटेची पुणे गाडी तिच्याकडे असायची तेव्हा पिंकी रात्री बाटलीत चार बोटं पाणी घालून ती फ्रीझरमध्ये आडवी ठेवायची. पहाटे साडेचारला उठून वर पाणी भरायची, फडकं ओलं करून गुंडाळायची आणि आईच्या पिशवीत द्यायची. आठवीपासून हा नेम. रंजना डेपोत सगळ्यांना सांगायची, "इंदापूरपर्यंत बर्फ टिकतो माझ्या पोरीचा."

मी म्हटलं, "अगं, ही इथं कशी?" पोरगी दारात उभी होती. पांढरीफटक पडली. म्हणाली, "टाकू नको आत्या. ती तपासायला द्यायची आहे." कसली तपासणी, विचारलं, तर काही बोलेना. मग एकदम म्हणाली, "बाटली तर मीच भरायचे ना, आत्या. फ्रीझरमध्ये मीच ठेवायचे."

मंदे, मी तिथेच फरशीवर बसले.

झालं होतं असं. दुसऱ्या केमोनंतर मामी नारळ आणि मोसंबी घेऊन भेटायला आल्या. येताना मोबाइलमधला मेसेजही घेऊन आल्या आणि रंजनाच्या उशाशी बसून मोठ्याने वाचला. प्लॅस्टिकच्या बाटलीत बर्फ करू नका, तापलेल्या गाडीत ठेवलेलं पाणी पिऊ नका, त्यातून डायॉक्सिन नावाचं विष सुटतं आणि स्तनाचा कॅन्सर होतो, अमेरिकेतल्या एका गायिकेला असाच झाला, दहा जणांना पाठवा. तुलाही आला असेल. शेरिल क्रोचं नाव घालून हा जवळजवळ वीस वर्षं फिरतोय, आधी ईमेलने फिरायचा. तिला २००६ साली कॅन्सर झाला एवढंच त्यात खरं. वाचून झाल्यावर मामी म्हणाल्या, "रंजे, तुझी ती बर्फाची बाटली आठव. बॉनेटजवळ तापायची ना?" रंजना गप्प बसली. पिंकी आत चहा टाकत होती. आमच्यातल्या एकालाही तिची आठवण झाली नाही.

त्या दिवसापासून पोरीने घरातलं सगळं प्लॅस्टिक बाहेर काढलं. आम्ही कौतुक केलं, म्हटलं केवढी काळजी घेते. केमोच्या दिवशी हॉस्पिटलात बाळूने विकतची बाटली आणली तर हिने आईला घोटभर घेऊ दिलं नाही. घरून आणलेला जड तांब्या, रंजनाच्या हातात सलाइनची सुई, तोंडात फोड. तो तांब्या तिला एका हाताने उचलेना. दोन दिवस ती पाणी कमीच प्यायली आणि गरगरून पडली, पुन्हा सलाइन लावावं लागलं. डॉक्टर विचारत होते, भरपूर पाणी प्या सांगितलं होतं ना? आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो.

तुझ्या आजीचा फिरकीचा तांब्या आठवतो का गं? आपण छोट्या रेल्वेगाडीने कुर्डुवाडीला निघालो होतो, वाटेत कुठेतरी त्याची फिरकी सैल झाली आणि तुझं अख्खं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं जर्नल भिजलं. तू मला चार दिवस बोलली नाहीस आणि तांब्या मात्र मांडीवर घेऊन बसलीस. बेन्झिनची षटकोनं सगळी पसरली होती. सरांनी त्यावर 'सुंदर आकृत्या' असा शेरा मारला होता! हे मी पिंकीला सांगितलं तेव्हा गुरुवारपासून पहिल्यांदा ती हसली.

मग मी तिला समोर बसवलं. कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडून मागे लिहून दाखवलं. ही बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. डायॉक्सिन म्हणून ज्याची भीती घालतात त्याला क्लोरीन लागतं, ते हिच्यात नाहीच. आणि ते तयार होतं कचरा जाळताना, शेकडो अंशांच्या आगीत. बर्फात कशाचं होणार? थंडीत तर प्लॅस्टिकमधून पाण्यात झिरपणं मंदावतं. या मेसेजमध्ये अमेरिकेतल्या ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव घालतात, तिथल्याच शास्त्रज्ञाने २००४ मध्ये हे सांगून टाकलंय. तिने बाटली उलटी करून बुडाचा त्रिकोण दाखवला. आत १. डेपोतल्या कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, एक म्हणजे एकदाच वापरायची. मी म्हटलं, बाळा, तो भंगार वेगळं करायचा आकडा. १९८८ पासून आहे. एक म्हणजे पेट, दोन म्हणजे जाड दुधाळ डब्यांचं प्लॅस्टिक. कितीदा प्यायचं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

पोरगी आपल्या वळणाची आहे, मंदे. ऐकून घेतलं आणि मोबाइल काढला. "मग हे काय?" अँटिमनी. माझ्या पोटात गोळा आला, कारण ते खरं आहे. पेट बनवताना अँटिमनी हे मूलद्रव्य वापरतात आणि तापलं की थोडं पाण्यात उतरतं. मी लपवलं नाही. अ‍ॅरिझोनात २००८ मध्ये मोजलंय, ते आम्ही दोघींनी मिळून वाचलं. साठ अंशांवर सलग १७६ दिवस ठेवलं तर तिथली पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडते. पासष्टवर ३८ दिवस, ऐंशीवर सव्वादोन. मी विचारलं, "आईच्या बाटलीतलं पाणी किती वेळ राहायचं?" म्हणाली, "टेंभुर्णीला अर्धं संपायचं. भिगवणला परत भरायची." मग स्वतःच बोटांवर हिशोब करत बसली.

बीपीए या रसायनाचंही तिने काढलं. ते पेटमध्ये नसतं, ते पॉलिकार्बोनेटमध्ये, टणक जारमध्ये. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून युरोपने २०११ मध्ये ते बंद केलं. आणि शेवटी प्लॅस्टिकचे कण. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या २५९ बाटल्या तपासल्या, आपल्याकडच्याही होत्या, शंभरातल्या ९३ मध्ये कण सापडले. गेल्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाने आणखी बारीक मोजलं तर लिटरला सरासरी दोन लाख चाळीस हजार. वाचताना मलाही कसंसंच झालं, खोटं कशाला सांगू. शरीरात जाऊन ते काय करतात याचा अभ्यास चालू आहे, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पुरावा अपुरा आहे असंच म्हटलंय. मी तिला म्हटलं, बाटलीबंद पाणी कमी प्यावं, गाडीत तापलेलं ओतून द्यावं, हे मलाही पटतं. घरी आपला माठ बरा. पण तुझ्या बाटलीने आईला गाठ आणली हे कोणत्याही कागदावर लिहिलेलं नाही.

आणि आपल्या बार्शीचंच उदाहरण दिलं. १९८७ पासून इथे कॅन्सरची नोंद ठेवतात, बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली खेडी फिरून. देशातली खेड्यांची पहिली नोंदणी ती. तेव्हा या खेड्यांत विकतची बाटली कुठे होती? आडाचं पाणी, घागर, माठ. तरी स्तनाच्या कॅन्सरच्या बायका त्या वह्यांत आहेतच.

सगळं ऐकलं तिने. आणि म्हणाली, "मग आईलाच का झालं, आत्या?"

मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. वय, घराण्यात कोणाला असणं, पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, वजन, अशी यादी त्यांनी सांगितली आणि म्हणाले, पुष्कळ बायकांत यातलं काहीच सापडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला हे उत्तर पुरत नाही. बाटली पुरते. बाटली हातात धरता येते.

आता तुझ्यामाझ्यातलं. आपण ते कधी बोललो नाही.

२००९. काकू तुला ओळखेनाशा झाल्या होत्या, मला तर "ताई, तुम्ही कोण" म्हणाल्या. तू स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होतीस. आणि मी रसायनशास्त्राची मास्तरीण, दाराला टेकून म्हणाले, "इतकी वर्षं हिंडालियमच्या भांड्यात चिंचेचं शिजवलं, त्याचंच हे." तू पळी खाली ठेवलीस. म्हणालीस, "चहा घेणार ना?" आणि नंतर दोन वर्षं तुझं पत्र नाही.

मला वाटायचं काकूंच्या स्वयंपाकाला नावं ठेवली म्हणून तू रागावलीस. गुरुवारी त्या फरशीवर बसल्यावर मला आठवलं. तो हिंडालियमचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचा, संच तू आणला होतास. तुझ्या पहिल्या पगारातून, सोलापूरहून, एसटीच्या टपावर टाकून. काकूंनी गल्लीभर दाखवला होता. मी सोबत होते गं दुकानात, दोन नंबरचं पातेलं मीच निवडलं होतं. आणि ते मला आठवलं नाही.

अ‍ॅल्युमिनियमची ती भीती १९६५ च्या सशांवरच्या प्रयोगापासून चालत आली. सशांच्या मेंदूत क्षार टोचले होते, पातेल्यात आमटी केली नव्हती. आंबटाने भांड्यातलं थोडं उतरतं, पण त्यातलं बहुतेक शरीर बाहेर टाकतं. भांड्यांनी स्मृतिभ्रंशाचा हा आजार होतो हे पुढे सिद्ध झालं नाही. हे मला तेव्हाही वाचता आलं असतं. मी वाचलं नाही, आणि तुझ्या तोंडावर बोलले. सोळा वर्षांनी माफी मागते आहे, मंदे. तू तो संच भंगारात घातल्याचं मला नंतर वहिनींनी सांगितलं. किती रात्री तू ती पातेली मोजली असशील, ते मला पिंकीचा चेहरा बघून कळलं.

तुझं काहीच विचारलं नाही. दुसरा डोळा केलास का? वेदाचं जर्मनीचं काय झालं? नाशकात पाऊस लागला का, आणि ती वरच्या मजल्यावरची बाई अजून तुझ्या तुळशीवर पाणी सांडते का? पुढच्या पत्रात सगळं सविस्तर लिही, मला हवं आहे.

मामींशी मी बोलले. ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्या रडायला लागल्या. त्यांना वाटलं कारण सापडलं तर रंजनाला बरं वाटेल. मेसेज पुसून टाकलाय, निदान त्यांच्या मोबाइलमधला.

पिंकी आता आईला पेल्यातून पाणी देते, दर तासाला, वहीत खूण करून. अकरावी सायन्स घेणार नाही म्हणते, का ते सांगत नाही. बाटली परत गुंडाळून ठेवली आहे तिने, या वेळी कपाटात. मी अडवलं नाही.

माझं बोलणं तिच्या डोक्यात गेलं, पण आत उतरलं नाही, हे मला दिसतंय. मी कितीही सूत्रं लिहिली तरी मी तिची आत्याच. तू तिच्याशी बोलशील का? प्लॅस्टिकचं काही सांगू नकोस, ते झालंय. तिला त्या संचाबद्दल सांग, तुझ्या तोंडाने, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं. जमणार नसेल तर तसं लिही, मी समजून घेईन. पुढचा डोस चोवीसला आहे, त्याच्या आधीचा रविवार बरा. मी फोन लावून तिच्या हातात देईन आणि गच्चीवर जाईन.

तुझी,
शैला

ता. क. रंजनाने आत्ताच विचारलं कोणाला लिहिताय. मंदाला, म्हटलं. म्हणाली, "त्यांना म्हणावं, दिवाळीला येताना चिवडा आणा, माझी चव परत आली असंल तोवर."