ताई, तुम्ही आम्हाला शाळा समजावून सांगितलीत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "आभार कसले, चहा घे" म्हणता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण शिकागोजवळच्या बफलो ग्रोव्ह आणि व्हर्नन हिल्समधल्या मराठी घरांना हे पत्र कुणाला आहे ते पहिल्या चार ओळींतच कळेल.

मे महिन्यात माझी मुलगी लिंकनशायरच्या स्टीव्हन्सन हायस्कूलमधून ग्रॅज्युएट झाली. ती चार वर्षं नीट पार पडली यात तिच्या शिक्षकांचा वाटा आहे, काउन्सेलरचा आहे, तिच्या स्वतःच्या कष्टांचा तर आहेच. पण ती शाळा आमच्या घरात कुणी आणली असेल, तर ती तुम्ही.

नाशिकहून यांच्या बदलीमुळे आम्ही शिकागोच्या या उपनगरात आलो, तेव्हा मुलगी नववीत जाणार होती. शाळेत प्रवेश मिळवण्याची धास्ती आम्ही तिकडूनच सोबत आणली होती: डोनेशन, मुलाखत, ओळख. इथं घराच्या भाडेकराराची प्रत आणि लसीकरणाची कागदपत्रं दिली आणि काम झालं. एवढी मोठी, एवढी नावाजलेली शाळा अशी सहज मिळते, यावर माझा विश्वास बसेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगं, ही पब्लिक स्कूल आहे. आपल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला सगळ्यात मोठा हिस्सा शाळांनाच जातो. तू भाडं भरतेस त्यातही तो आहे. तेव्हा पाहुण्यासारखी वागू नकोस." आणि लगेच पुढच्या बोर्ड मीटिंगची तारीख सांगितलीत. लोकांनी निवडून दिलेली सात माणसं, पगार नाही, आणि कुणीही पालक उठून त्यांना प्रश्न विचारू शकतो. त्या मीटिंगला तुम्ही मला सोबत घेऊन गेलात. मी बोलले काहीच नाही, पण शाळेच्या दारातून आत जायचा संकोच त्या संध्याकाळी गेला.

शाळेचा इतिहास मला कुणी सांगितला असेल तर तोही तुम्हीच. तुमचे दोन्ही मुलगे नव्वदच्या दशकात तिथं शिकले. तुम्ही पालक स्वयंसेवक म्हणून किती वर्षं तिथं राबलात ते तुम्हालाच माहीत. शाळेजवळच्या हाफ डे रोडवरून गाडी चालवता चालवता तुम्ही सांगायचात, की १९६५ च्या सप्टेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा इमारतसुद्धा पुरी झाली नव्हती आणि मुलं पाचशेहूनही कमी होती. आजूबाजूला शेतं होती. आज तिथं चार हजारांहून जास्त मुलं शिकतात. शाळेला ज्यांचं नाव दिलं ते ॲडलाय स्टीव्हन्सन त्याच वर्षी, १४ जुलैला, लंडनमध्ये वारले होते. इलिनॉयचे गव्हर्नर, १९५२ आणि १९५६ असे दोनदा अध्यक्षपदाला उभे राहून आयझेनहॉवरकडून हरलेले, नंतर संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे राजदूत. १९६२ च्या क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत राजदूताला जाब विचारणारे ते हेच. त्यांचं शेतावरचं घर शाळेपासून काही मैलांवरच आहे, तेही तुम्ही दाखवून आणलंत. दोनदा हरलेल्या माणसाचं नाव लोकांनी शाळेला दिलं, हे मला फार आवडलं होतं, आणि ते मुलीला कितीदा तरी सांगितलं.

पण तुम्ही ज्यांच्याबद्दल सगळ्यात भरभरून बोलायचात ते रिचर्ड डुफोर. १९८३ ला ते इथं मुख्याध्यापक झाले, १९९१ पासून २००२ पर्यंत शाळा-जिल्ह्याचे सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख. आज जगभरच्या शाळांत शिक्षकांनी एकत्र बसून काम करण्याची जी पद्धत पीएलसी (प्रोफेशनल लर्निंग कम्युनिटी) या नावानं ओळखली जाते, ती त्यांनी याच इमारतीत घडवली. तुम्ही त्यांचे तीन प्रश्न मला बोटांवर मोजून सांगितले होते. प्रत्येक मुलाला काय आलं पाहिजे? ते आलंय हे आपल्याला कसं कळणार? आणि नाही आलं, तर आपण काय करणार? शेवटच्या प्रश्नावर तुमचं बोट थांबायचं. "पहिले दोन सगळ्याच शाळा विचारतात गं. तिसऱ्याचं उत्तर एकट्या शिक्षकावर सोडायचं नाही, ते सगळ्या शाळेनं द्यायचं, हे या माणसानं केलं."

त्याचं मोल मला पहिल्याच सत्रात कळलं.

मुलीच्या प्रगतीचा तक्ता ऑनलाइन उघडला. त्यात टक्केच नव्हते. आपल्याकडे पंच्याऐंशी की ब्याण्णव, यावरून घरात काय बोलायचं ते ठरतं. इथं नुसते आकडे, एकपासून चारपर्यंत, आणि जागतिक इतिहासाच्या दोन रकान्यांत '१'. त्या रात्री आम्ही तिघंही नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून कळवण्यात आलं की मुलीला ट्युटरिंग सेंटरमध्ये यायचं आहे. नाशिकला शाळेतून बोलावणं आलं की पोटात गोळा यायचा. इथंही तो आलाच.

तुम्ही त्याच संध्याकाळी घरी आलात. आधी मुलीला विचारलंत, "निबंधात काय लिहिलं होतंस?" तिनं पाठ केल्यासारखं सगळं घडाघडा सांगितलं: सनावळी, कारणं, परिणाम. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "माहिती सगळी आहे. तुझं म्हणणं काय आहे ते कुठाय?" मग आमच्याकडे वळून चारही आकडे नीट समजावलेत. चार म्हणजे अपेक्षेच्या पुढे, तीन म्हणजे अपेक्षेइतकं, दोन म्हणजे जवळ आलंय, एक म्हणजे अजून घडतंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या आकड्यांची सरासरी काढत नाहीत. सप्टेंबरातला एक डिसेंबरातल्या तीनला खाली ओढत नाही. मूल शेवटी कुठं पोचलं, त्याच्या कामातून काय दिसतं, हे शिक्षक बघतात आणि सत्राअखेरीची श्रेणी त्यावरून ठरते. दहावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या आम्हा दोघांना हे पचायला वेळ लागला. आता मात्र मला ही पद्धत मनापासून न्यायाची वाटते. उशिरा समजलेल्या मुलाला आधी न समजल्याची शिक्षा आयुष्यभर कशाला?

ट्युटरिंग सेंटरचंही तुम्हीच सांगितलंत. तुमच्या धाकट्याच्या वेळी दर तीन आठवड्यांनी प्रगतीचा अहवाल घरी यायचा. मूल मागं पडतंय असं दिसलं की आधी शिक्षक आणि काउन्सेलर त्याच्याशी बोलायचे, घरी कळवायचे आणि मोकळ्या तासाला ट्युटरकडे जायला सुचवायचे. पुढच्या तीन आठवड्यांतही फरक पडला नाही, तर मग विचारणं बंद, जायचंच. तेवढ्यानंही भागलं नाही, तर रोजचा एक तास दहा किंवा त्याहून कमी मुलांच्या गटात, एका माणसाच्या देखरेखीखाली. मदत आपणहून मागणारी मुलं कुठल्याही शाळेत तरतातच. न मागणाऱ्या मुलालाही मदत टाळता येऊ नये अशी ती रचना होती. "माझा धाकटा कधीच मागणारा नव्हता," एवढंच तुम्ही म्हणालात, आणि पुढं काही सांगितलं नाहीत. मला ते पुरेसं होतं.

माझी मुलगी गेली. तिथल्या शिक्षकांनी तिला तयार उत्तर दिलं नाही. तिचा निबंध समोर ठेवला आणि प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारला: हे कशावरून? हिवाळ्यापर्यंत ती जेवणाच्या ताटावर आम्हालाही तेच विचारायला लागली होती.

नववीच्या मुलांना इथं ॲडव्हायझरी नावाचा तास असतो, आणि त्यात मोठ्या वर्गांतली मुलं छोट्यांचे मेंटॉर म्हणून बसतात. हजारोंच्या गर्दीत नवख्या मुलाला नावानं ओळखणारं निदान एक मोठं मूल असतं. माझ्या मुलीला ज्या मेंटॉरनं दुपारच्या जेवणाला आपल्या टेबलावर बसवलं, तिचे आभार मी वेगळे मानले आहेत. पण त्याच तासाला प्रत्येक मुलाला विचारतात, की शाळा सुटल्यावर तू कशात भाग घेणार? आम्ही म्हणत होतो, आधी अभ्यास रुळावर येऊ दे. तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. "अभ्यास रुळावर यायला हवा असेल तर तिला कशात तरी घाला." केवढी मोठी यादी होती! गणिताचा संघ, सायन्स ऑलिम्पियाड, वादविवाद, मार्चिंग बँड, नाटक. बुद्धिबळ आणि मुलींचं बॅडमिंटन इथं राज्य हायस्कूल असोसिएशनच्या स्पर्धांत आहेत, हे ऐकून यांचे डोळे चमकले होते. शुक्रवारच्या रात्री दिव्यांच्या उजेडातला अमेरिकन फुटबॉल तुम्हीच आम्हाला पहिल्यांदा दाखवलात, हिरव्या-सोनेरी रंगांच्या गर्दीत, थर्मासमधल्या चहासकट. याच शाळेतल्या जेलन ब्रन्सनच्या संघानं २०१५ ला बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद आणलं तेव्हाचं गाव कसं होतं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की तो आता न्यूयॉर्क निक्सकडून खेळताना दिसला की आम्हालाही तो आपल्याच घरातला वाटतो.

मुलीनं मात्र निवडलं 'स्टेट्समन', शाळेचं वृत्तपत्र. मी बिचकले. वार्ताहर व्हायचं म्हणजे लोकांना प्रश्न विचारायचे, तेही नुकत्याच अंगवळणी पडत असलेल्या इंग्रजीत. तुम्ही तिला शाबासकी दिलीत आणि सोबत २००९ ची हकीकतही सांगितलीत. तेव्हा याच वृत्तपत्रातला मजकूर शाळेच्या प्रशासनानं अडवला होता, वाद शिकागोच्या दैनिकांपर्यंत गेला आणि वृत्तपत्राचं काम करणाऱ्या मुलांनी राजीनामे दिले. पुढं २०१६ ला इलिनॉयनं विद्यार्थी पत्रकारांच्या हक्कांचा कायदा केला. तुमचं त्या शाळेवर इतकं प्रेम, आणि तरी ही गोष्ट तुम्ही दडवली नाहीत, गोडही केली नाहीत. तुमच्या मते तेव्हा मुलांचं बरोबर होतं. माझ्या मुलीनं ते ऐकलं आणि तिच्या मनात शाळेबद्दलचा आदर कमी न होता वाढला. शाळेवर प्रेम करायचं आणि तिला प्रश्नही विचारायचे, हे तिला कुणा पुस्तकातून कळलं नसतं.

आणि मराठी. शाळेत स्पॅनिश, फ्रेंच, मँडरिन, हिब्रू असं बरंच काही शिकवतात, मराठी अर्थातच नाही. पण इलिनॉयमध्ये दोन भाषा उत्तम येणाऱ्या मुलांना बारावीच्या शेवटी राज्याचा द्विभाषिकतेचा शिक्का मिळतो, त्याचा कायदा २०१३ चा आहे, आणि मराठीची परीक्षा देऊनही तो मिळवता येतो, हे आमच्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही दोन वर्षं आधी सांगून ठेवलंत. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं, चारही आलं पाहिजे. बोलण्याची काळजी नव्हती, रोज आजीशी फोन असतोच. लिहिण्यासाठी तुम्ही तिला दर रविवारी घरी बोलावलंत. एक पान मराठीत, विषय तिचा. ऱ्हस्व-दीर्घावर लाल खुणा तुमच्या, आणि शेवटी तोच प्रश्न, आता मराठीत: हे कशावरून? तिनं शेवटी लिहिलेली पानं तिच्या इंग्रजी लेखांपेक्षा चांगली आहेत, असं माझं मत आहे. तिला ते अजून पटत नाही. नाशिकला आजीनं प्रमाणपत्राचा फोटो शेजारपाजारच्या सगळ्या घरांत दाखवला.

ताई, तुम्ही यातलं काहीच मोठं मानत नाही, हे मला माहीत आहे. पण परक्या देशात पहिल्या वर्षी घरातली आई घाबरलेली असेल तर ते मुलाला लगेच कळतं. तुम्ही माझी भीती घालवलीत, म्हणून तिला शिकता आलं. तुमची स्वतःची मुलं शिकून कधीच बाहेर पडली आहेत. आमच्या मुलीच्या शाळेशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं. तरी तुम्ही आलात, बसलात, समजावलंत, आणि दर वेळी जाताना "काही अडलं तर फोन कर" म्हणालात आणि फोन केला की उचललात.

ऑगस्टमध्ये ती अर्बाना-शॅम्पेनला, इलिनॉय विद्यापीठात जाईल. पत्रकारिता की अर्थशास्त्र यावर घरात रोज चर्चा चालू आहे, आणि तुमचं मत विचारल्याशिवाय अर्ज बदलायचा नाही असं तिनं जाहीर केलंय. तेव्हा येत्या रविवारी आम्ही तिघंही येतोय. स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या मी आणते. शिवाय आमच्या मजल्यावर पुण्याहून एक कुटुंब आलंय, मुलगा नववीला जाणार आहे आणि त्याची आई अजून प्रवेशाच्या काळजीत आहे. तिला तुमचा नंबर देऊ का?

तुमची,
बफलो ग्रोव्हमधली एक आई