जुन्या दुनळी बंदुकांवरील नक्षी घासून 'उजळवू' नये

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतील जुन्या दुनळी बंदुकांविषयीचा सचित्र लेख मी दोनदा वाचला. ज्या विषयाकडे सहसा कोणी फिरकत नाही त्याला आपण इतकी जागा दिलीत, याबद्दल आधी मनापासून आभार मानतो. मात्र लेखातील दोन गोष्टींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. इंग्रज, बेल्जियन, जर्मन अशा सगळ्याच बंदुकांवरील कोरीव काम लेखात 'युरोपीय वेलबुट्टी' या एकाच नावाखाली आले आहे, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. अशी बंदूक संग्रही असलेल्यांनी ती बफिंग करून, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासून, मूळच्या झळाळीला आणावी, असा सल्ला लेखात दिला असून तशा उजळवलेल्या एका बंदुकीचे छायाचित्रही सोबत छापले आहे. मी स्वतः अनेक वर्षे पोलादावर कोरणी चालवत आलो आहे, म्हणून सांगतो, की या दोन चुकांचे मूळ एकच आहे. नक्षी कोणत्या शैलीची आहे आणि ती कशी कोरली गेली हे ज्याला ठाऊक असेल, तो तिला घासण्याचा सल्ला देणार नाही.

छायाचित्रातली बंदूक इंग्लिश साइडलॉक आहे, म्हणजे तिची यंत्रणा बाजूच्या धातुपट्टीवर (लॉकप्लेटवर) बसवलेली आहे, आणि तिच्यावर गुलाबांच्या गुच्छांची व बारीक वेटोळ्यांची नक्षी आहे, एवढे त्या छपाईतूनही कळते. ही शैली लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. 1814 मध्ये स्थापन झालेल्या पर्डी या लंडनच्या बंदूककारांच्या बंदुकांवर ती सर्वाधिक ओळखीची आहे, आणि त्यांच्यासाठी काम करणारा कोरीव कारागीर जेम्स लुकस याचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. दुरून पाहिल्यास पोलादावर करडी, रेशमी झाक पसरल्यासारखे वाटते. भिंग लावले की त्या झाकेची शेकडो वेटोळी होतात, प्रत्येक वेटोळ्याला पाठीचा कणा असावा तशी एक मुख्य रेघ, तिला फुटलेल्या इवल्या पाकळ्या आणि पाकळीच्या पोटात छायेसाठी ओढलेल्या तीन-चार केसासारख्या रेघा दिसतात. मुख्य रेघ थोडी खोल असते, पण छायेच्या रेघा पोलादाला जेमतेम ओरखडा काढतील एवढ्याच असतात, आणि गुलाबाला गोलाई येते ती त्यांच्यामुळेच. कापडी चाक फिरले की सर्वांत आधी जातात त्या याच रेघा. मग उरते ती बाह्यरेखा, आणि गुलाबाच्या जागी वर्तुळे दिसू लागतात.

आपल्या छायाचित्रात नेमके हेच झाले आहे. लॉकप्लेटच्या मध्यभागी फुले अजून ओळखू येतात, पण कडेला जावे तसतशी नक्षी पुसट होत जाते, कारण चाकाचा दाब कडांवर अधिक पडतो. त्याहून वाईट अवस्था स्क्रूंची आहे. चांगल्या इंग्लिश बंदुकीत स्क्रू पूर्ण आवळल्यावर त्याच्या डोक्यावरची खाच नळ्यांच्या दिशेने सरळ यावी अशी तजवीज केलेली असते आणि त्याच स्थितीत प्लेटवरची वेल स्क्रूच्या डोक्यावरून अखंड पुढे नेलेली असते. सांधा कुठे आहे हे नजरेला कळू नये, हाच त्यामागचा हेतू होता. छापलेल्या बंदुकीत एक खाच तिरपी झाली आहे, वेल स्क्रूपाशी येऊन तुटली आहे आणि भोवतीचे पोलाद घासून बशीसारखे खोलगट झाले आहे. ज्या कारागिराने ती वेल त्या डोक्यावरून नेली असेल, त्याच्या कष्टांचा विचार मनात आला की हे पाहवत नाही.

सगळ्या इंग्लिश बंदुका अशाच कोरलेल्या असतात असे मात्र नाही. पर्क्यूशनच्या, म्हणजे घोडा स्फोटक टोपीवर आपटून बार उडवण्याच्या पद्धतीच्या, काळाआधी जोसेफ मँटनसारखे लंडनचे नामांकित बंदूककार सजावटीत फार काटकसरी होते. प्लेटवर थोडी वेल, चापाच्या कमानीच्या टोकाला अननसाची आकृती आणि बाकी सगळी घोटीव, मोकळी पृष्ठे. लंडनच्याच हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या 'रॉयल' बंदुकांवर याच्या उलट मोठमोठी, खोल कापलेली पर्णवेटोळी दिसतात, जी हातभर अंतरावरूनही वाचता येतात. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्‌स कारखान्यात अँसन आणि डीली यांनी बॉक्सलॉकचे पेटंट घेतले. त्यात यंत्रणा आतल्या आत गेली, बाहेरचे घोडे नाहीसे झाले आणि बाजूच्या प्लेटचीही गरज उरली नाही. कोरणाऱ्याला मिळणारी जागा त्यामुळे एकदम घटली. म्हणूनच काही बॉक्सलॉक बंदुकांवर केवळ नक्षीसाठी खोट्या बाजूपट्ट्या बसवलेल्या आढळतात, आणि मला हा प्रकार फार हृद्य वाटतो.

जर्मनीतील सूल आणि ऑस्ट्रियातील फेरलाख येथील पद्धत मुळातच निराळी आहे. तिथे रेघेपेक्षा उठावाला महत्त्व आहे. ओकची पाने, त्यांच्यातून डोकावणारी ओकची फळे, हरिण, रानडुक्कर, शिकारी कुत्रा अशा आकृती हातोडी-छिन्नीने भोवतालचे पोलाद काढून उभ्या केल्या जातात आणि मागची जमीन बारीक ठोके देऊन खरखरीत केली जाते. असे काम घासण्याला थोडे जास्त टिकते खरे, पण आधी झिजतात ती उंचावरची अंगे, म्हणजे हरणाचे नाक आणि डुकराची आयाळ. आकृती राहते, पण तिच्यातला जीव जातो. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारखान्यात नेपोलियनच्या काळात निकोला-नोएल बूते याने सोन्याचांदीचे जडावकाम केलेल्या बंदुका घडवल्या. त्यांच्यावर चाक फिरवणे म्हणजे पातळ सोने कापडावर उतरवून घेणेच. बेल्जियममधील लिएजचे काम एका शब्दात सांगता येत नाही, कारण तिथल्या कारागिरांनी उत्तमोत्तम बंदुकांबरोबर अगदी स्वस्त मालही अमाप बनवला. अमेरिकेत मेरिडेनच्या पार्कर ब्रदर्सकडे दर्जा जितका वरचा तितकी नक्षी दाट, अशी सरळ रीत होती. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया येथील बुलिनो, म्हणजे टोकदार कोरणीच्या असंख्य ठिपक्यांनी छायाचित्रासारखी केलेली आकृती, आज सर्वाधिक नावाजली जाते. पण लेखात ती जुन्या बंदुकांच्या ओघात आली आहे, आणि तिचा खरा बहर विसाव्या शतकातला आहे, हे नोंदवले पाहिजे. नळ्यांवरचे तपकिरी-काळे नागमोडी पट्टे ही तर नक्षीच नव्हे. ते लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून एकजीव केलेल्या दमास्कस नळीचे अंगचे चित्र आहे.

घासू नये म्हणण्यामागे आणखी एक तांत्रिक कारण आहे. इंग्लिश बंदुकीची लॉकप्लेट आणि ॲक्शन (नळ्या ज्याला जोडलेल्या असतात तो मधला धातूचा भाग) मऊ पोलादात कोरली जाते. नंतर ती हाडाच्या आणि इतर कोळशासह लोखंडी पेटीत बंद करून तापवतात आणि पाण्यात विझवतात. या पाणी देण्याने वरची कातडी कठीण होते आणि तिच्यावर निळा, तपकिरी, गवती असे ढगाळ रंग उमटतात. रंगांचा हा थर अत्यंत पातळ असतो, बफिंगच्या पहिल्या फेरीतच तो जातो. लेखातल्या बंदुकीची जी 'मूळची झळाळी' म्हटली आहे, ती या बंदुकीला कारखान्यातून बाहेर पडताना कधीच नव्हती. शिवाय कठीण झालेल्या पोलादावर कोरणी चालत नाही. रेघा पुन्हा कोरायच्या तर आधी तुकडा तापवून मऊ करावा लागतो, नंतर परत पाणी द्यावे लागते, आणि या उलथापालथीत तो वाकण्याची भीती असते. पुन्हा कोरलेली रेघ जुन्या रेघेच्या शेजारी ठेवली की वेगळा हात लगेच ओळखू येतो.

वापराची झीज मात्र निराळी. शिकारी बंदूक ज्या जागी धरून चालत असे, तिथे, म्हणजे ॲक्शनच्या खालच्या बाजूला आणि चापाच्या कमानीवर, नक्षी मऊ झालेली असते आणि खोबणीत रंग शिल्लक असतात. ही झीज त्या बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे. अशा बंदुकीची स्वच्छता मऊ सुती कापड, थोडे पातळ तेल आणि खोबणीत सुकलेला मळ काढायला मऊ ब्रश एवढ्यावर भागते.

माझ्या आपल्याला दोन विनंत्या आहेत. लेखातील बफिंगचा सल्ला मागे घेणारा खुलासा पुढच्या अंकात ठळकपणे यावा, कारण अनेक वाचकांनी तो जपून ठेवला असेल. आणि त्या बंदुकीचे उजळवण्यापूर्वीचे एखादे छायाचित्र मालकांकडे असल्यास ते आताच्या छायाचित्राशेजारी, लॉकप्लेट स्पष्ट दिसेल एवढ्या आकारात छापावे. मधल्या स्क्रूवरून वेल पूर्वी कशी जात होती, ते वाचकांना त्यात पाहता येईल.

आपला नम्र,
एक धातुकोरीव कारागीर