हेलियमच्या डागांचा तारा

पुणे,
१७ जानेवारी

प्रिय सुहास,

तुझ्या मेसेजला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हे पत्र. वर्णपटात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यात, ज्या मूलद्रव्याच्या रेषा ठळक, ते ताऱ्यात जास्त असं समजायचं का, असं तू विचारलंस. तरुण आणि तापलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत तरी लगेच हो म्हणू नकोस. तिथे चुंबकत्व मध्ये येतं.

आधी दुर्बीण बाहेर काढ. मृगाच्या पोटातला बाण धर. त्यातल्या व्याधाच्या बाजूच्या ताऱ्याला लागूनच, दक्षिणेला, एक फिकट तारा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तो सिग्मा ओरायनिस. दुर्बिणीतून तो एकटा राहत नाही, त्याचे चार होतात. तुझ्या छोट्या दुर्बिणीत निदान तीन तरी सुटे दिसावेत. त्यांतला मुख्य ताऱ्यापासून सगळ्यांत लांबचा, तो सिग्मा ओरायनिस ई. वय काही दशलक्ष वर्षं, म्हणजे आपल्या सूर्यापुढे कालचं पोर.

याच्या वर्णपटात हेलियमच्या रेषा वाजवीपेक्षा फारच ठळक आहेत. गंमत म्हणजे त्या १.१९ दिवसांच्या लयीत कमीजास्त होतात. तारा तेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरतो आणि हेलियमचे डाग समोर येतात, मागे जातात. १९७८ मध्ये लँडस्ट्रीट आणि बोरा या खगोलशास्त्रज्ञांनी याचं चुंबकत्व मोजलं. ते निघालं सुमारे १०,००० गाऊस (गाऊस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). पृथ्वीचं अर्ध्या गाऊसच्या आसपास असतं. मोजणं सोपं नव्हतं. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटते, हा झीमन परिणाम आपण कॉलेजात शिकलो, पण हा तारा इतका गरगर फिरतो की रेषा पसरट होतात आणि फूट दिसतच नाही. म्हणून रेषेच्या दोन कडांच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची ठेवण, मोजावं लागतं.

आता दोन्ही गोष्टी जोड. अशा ताऱ्याच्या पृष्ठभागावरून वारा, म्हणजे कणांचा झोत, सुटतो. तो हायड्रोजन उडवून नेतो, जड हेलियम बराचसा मागे राहतो, असं स्पष्टीकरण आज मानलं जातं. बलवान चुंबकीय क्षेत्र वरचा थर ढवळू देत नाही, त्यामुळे साचलेला हेलियम तिथेच थांबतो. आत मात्र ताऱ्याची घडण चारचौघांसारखीच. सायीवरून भांड्यातल्या दुधाचा अंदाज बांधण्यातला प्रकार हा! उडालेल्या वाऱ्यातलाही काही भाग चुंबकीय रेषांत अडकून ढगांसारखा ताऱ्याबरोबर फिरतो आणि दर फेरीत दोनदा ताऱ्याला ग्रहण लावतो. हे ओझं वागवत तारा मंदावतो आहे: फेरीचा काळ वर्षाला ७७ मिलिसेकंदांनी वाढतो. २०१० मध्ये जुन्या नोंदी जुळवून हे काढलं गेलं. मला या सगळ्यात हाच आकडा सर्वांत आवडतो.

वृषभेतल्या टी टॉरी या ताऱ्यासारख्या थंड, लहान पोरांचं वेगळं. त्यांच्यातही हजारो गाऊसची क्षेत्रं सापडतात, पण आत सतत घुसळण चालू असते, म्हणून वरचं आणि आतलं मिसळत राहतं. लिथियम सुमारे २५ लाख अंशांवर जळून जातो, त्यामुळे ज्याच्यात तो अजून भरपूर दिसतो तो तरुण. तिथे वर्णपटावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो.

हेलियमचा विषय निघालाच आहे तर तुझ्या विजयदुर्गाबद्दलही सांगतो, रागावू नकोस. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात त्या किल्ल्यावरून हेलियम शोधला असं तू सांगतोस, पण तेव्हा तो किल्ल्यावर नव्हता, इंग्लंडमध्ये होता. तो तिथे आला १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे ग्रहण पाहण्याचे ओटे दाखवताना पाहुण्यांना हेही सांगत जा.

आणि हे संशोधन आपल्या दाराशीच चालतं बरं का. उष्ण चुंबकीय ताऱ्यांपैकी काही दर फेरीत ठरावीक वेळी रेडिओ स्पंद सोडतात. पहिला असा तारा २००० मध्ये सापडला, मग बरीच वर्षं दुसरा मिळेना. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २०२१ मध्ये एकदम आठ शोधले. तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची; तू अजून एकही पाहिली नाहीस याचं मला नवल वाटतं. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. आदल्या रात्रीच्या गाडीने नीघ, वहिनींना आणि पोरांनाही आण. नारायणगावला उतरलात की फोन कर, मी गाडी घेऊन येतो. आईंना नमस्कार.

तुझा,
मकरंद