निर्वासित पात्राचे पूर्वायुष्य आणि वाचकाची सहानुभूती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या साहित्यविषयक पुरवणीत निर्वासितांच्या जीवनावरील कादंबऱ्यांची परीक्षणे अलीकडे वरचेवर प्रसिद्ध होतात, याबद्दल प्रथम आभार मानतो. मात्र या परीक्षणांतून आणि त्यांवरील वाचकांच्या पत्रांतून एक सूर सातत्याने उमटताना दिसतो. नायक निष्णात डॉक्टर होता, नायिका संगीत शिकवीत होती, घर सुसंस्कृत होते, आणि अशा कुटुंबावर ही वेळ यावी याचे दुःख वाटते, असा तो सूर आहे. या दुःखाच्या सच्चेपणाबद्दल मला शंका नाही. पण ते दुःख वाटण्यापूर्वी वाचकाच्या मनात नकळत एक छाननी होऊन गेलेली असते, आणि तिच्याकडे परीक्षणकारांनी लक्ष वेधले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

निर्वासित कोणाला म्हणावे, याचे उत्तर १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात दिलेले आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता मर्यादित होता. ती कालमर्यादा १९६७ च्या पूरक कराराने काढून टाकली. शिक्षण, व्यवसाय, अभिरुची यांचा या व्याख्येत कोठेही उल्लेख नाही. माणसाच्या चारित्र्याची चौकशी हा करार करतो ती केवळ युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा गंभीर बिगर-राजकीय गुन्हा यांसारख्या कृत्यांचा सबळ संशय असेल तेव्हाच. एरवी तो माणूस सज्जन होता की तिरसट, उदार होता की कंजूष, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

कादंबरीचा वाचक मात्र या सगळ्या गोष्टी विचारतो. २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात युरोपातील १५ देशांतील सुमारे १८,००० मतदारांपुढे काल्पनिक आश्रयार्थींची माहिती ठेवून त्यांपैकी कोणाला आश्रय द्यावा, असे विचारले गेले. व्यवसाय, वय, धर्म, देश सोडण्याचे कारण, जबानीतील सुसंगती असे तपशील आलटून पालटून बदलले होते. ज्यांचे व्यवसाय कौशल्याचे होते, ज्यांच्या जबानीत विसंगती नव्हती आणि ज्यांनी अधिक यातना सोसल्या होत्या, त्यांच्या बाजूने कौल पडला. पोटापाण्यासाठी निघालेल्यांना आणि मुसलमान अर्जदारांना तुलनेने कमी पसंती मिळाली. ही माणसे प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. एका परीने ती चार-सहा तपशिलांनी उभी केलेली पात्रेच होती. इतक्या थोड्या सामग्रीवर लोकांची सहानुभूती अशी झुकत असेल, तर चारशे पाने हाताशी असलेल्या कादंबरीकाराच्या शक्तीची कल्पना करता येते.

जर्मन कादंबरीकार एरिख मारिया रेमार्क यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क ऑफ ट्रायम्फ’ या कादंबरीतील राविकचे उदाहरण घेऊ. हा जर्मनीतून पळालेला शल्यविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील पॅरिसमध्ये कागदपत्रांविना राहतो आणि स्वतःपेक्षा कमी कुवतीच्या स्थानिक डॉक्टरांच्या नावावर शस्त्रक्रिया करतो. त्याच्या हातांनी माणसे वाचताना आपण पाहतो, गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याचा केलेला छळ आपल्याला ठाऊक असतो, आणि पुढे तो छळ करणाऱ्या अधिकाऱ्याला गाठून तो ठार मारतो, तेव्हा त्या हत्येने आपण फारसे अस्वस्थ होत नाही. हेच कृत्य एखाद्या निरक्षर हमालाने केले असते आणि त्याच्या मागच्या आयुष्याविषयी लेखक गप्प राहिला असता, तर आपण इतक्याच निश्चिंतपणे पुढचे पान उलटले असते, असे मला वाटत नाही. रेमार्क यांना मी बोल लावत नाही. त्यांचे स्वतःचे जर्मन नागरिकत्व १९३८ साली काढून घेण्यात आले होते, आणि परागंदा माणसाचे कौशल्य परक्याच्या नावावर कसे खपते, हे त्यांनी फार नेमकेपणाने लिहिले आहे. प्रश्न आहे तो आपल्या मनाच्या सवयीचा.

ही सवय ओळखून लिहिलेली पुस्तकेही असतात, आणि त्यांबाबत मी अधिक कठोर आहे. २०२० साली आलेल्या ‘अमेरिकन डर्ट’ या जनीन कमिन्स यांच्या कादंबरीत मेक्सिकोतून मुलाला घेऊन पळणारी नायिका पुस्तकांच्या दुकानाची मालकीण आहे. मेक्सिकन वंशाच्या अनेक लेखकांनी या कादंबरीवर कडाडून टीका केली; त्या टीकेचे सगळे मुद्दे येथे मांडण्याची गरज नाही. पण ग्रंथप्रेमी वाचकापुढे ग्रंथप्रेमी निर्वासित उभी करणे म्हणजे वाचकाला स्वतःच्याच वर्गातील माणसाविषयी हळहळायला सांगणे आहे. त्याच वाटेवरून त्याच गाड्यांच्या टपांवर बसून जाणारी, कधीही पुस्तक हातात न धरलेली बाई मग पार्श्वभूमीत राहते.

स्वतः निर्वासितांनाही या छाननीची जाणीव असते. नाझी राजवटीतून निसटून अमेरिकेत पोहोचलेल्या राजकीय विचारवंत हाना आरंट यांनी १९४३ साली निर्वासितांवर एक निबंध लिहिला. पूर्वी आपण कोणीतरी होतो, हे सांगत राहण्याची धडपड त्यात आली आहे, आणि तिच्यासंदर्भात त्या एक गोष्ट सांगतात : परमुलुखात आलेला एक ठेंगणा कुत्रा दुःखाने म्हणतो की, पूर्वी मी सेंट बर्नार्ड या धिप्पाड जातीचा कुत्रा होतो. त्या गोष्टीत वेदना आहे. माणसाला आश्रयाबरोबर मानही हवा असतो, आणि मान मागण्यासाठी त्याच्याजवळ गतवैभवाखेरीज काही उरलेले नसते. ऐकणाराही नेमके तेच ऐकायला उत्सुक असतो.

या छाननीला खऱ्या अर्थाने भिडणारी कादंबरी म्हणून मी अब्दुलरझाक गुर्ना यांच्या २००१ सालच्या ‘बाय द सी’कडे बोट दाखवीन. गुर्ना हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरून तरुणपणी इंग्लंडमध्ये आश्रयाला आले आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा सालेह ओमर पासष्टीचा आहे. विमानतळावर तो दुसऱ्याच्या नावाच्या पारपत्रावर उतरतो आणि इंग्रजी येत असूनही येत नसल्याचे भासवतो. त्याच्याजवळची ऊदाची पेटी तेथील अधिकारी काढून घेतो. हाच अधिकारी आपले आईवडील रुमानियातून आलेले निर्वासित होते, असे सांगतो. पण ते युरोपीय होते, म्हणजे घरचेच होते, अशी त्याची धारणा आहे. पूर्वपीठिकेवरून माणसांची प्रतवारी कशी लागते, हे गुर्ना यांनी या एका प्रसंगात दाखवले आहे. वाचक अर्थातच म्हाताऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

त्यानंतर लेखक वाचकाच्या पायाखालची जमीन सरकवतो. सालेह ओमरने ज्याचे नाव घेतले आहे, त्या माणसाचे घर त्याने पूर्वी कर्जाच्या तारणापोटी ताब्यात घेतलेले होते, आणि त्या माणसाचा मुलगा लतीफ, जो स्वतःही मायदेश सोडून इंग्लंडमध्ये आलेला आहे, सालेहला भेटायला येतो. लतीफच्या आठवणीतला सालेह हा घर गिळंकृत करणारा व्यापारी आहे. सालेहच्या हकिगतीत तो व्यवहार रीतसर होता, आणि पुढे त्यालाही सर्वस्व गमावून वर्षानुवर्षे तुरुंगात राहावे लागले. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, सालेहने घर घेताना दाखवलेला कोरडेपणा खरा आहे हे मान्य केले, तरी त्याची सुटकेची गरज कणभरही कमी होत नाही. पेटी हिरावली गेली त्या क्षणी वाटलेला कळवळा आणि घराची हकिगत कळल्यावर वाटलेली नाराजी, दोन्ही सांभाळत वाचकाला पुस्तक संपवावे लागते. शिवाय तो आधी बोलत नाही, मग अर्धवट बोलतो, मग उलटसुलट बोलतो. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातल्या मतदारांनी त्याला बहुधा नापास केले असते.

पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानी यांची १९६३ सालची ‘मेन इन द सन’ ही छोटी कादंबरी याहून निष्ठुर आहे. तीन पॅलेस्टिनी पुरुष रिकाम्या पाण्याच्या टँकरमध्ये लपून इराकमधून कुवेतला जाऊ पाहतात आणि सीमेवरील एका चौकीत कारकून चालकाशी थट्टा करीत वेळ काढतो, तेवढ्या वेळात आतल्या उष्णतेने मरतात. या तिघांत कोणी शल्यविशारद नाही. एक जमीन गेलेला प्रौढ शेतकरी आहे. दुसरा राजकीय कारवायांमुळे पोलिसांना हवा असलेला तरुण आहे. तिसरा मरवान हा जेमतेम सोळा वर्षांचा मुलगा; कुवेतमधल्या थोरल्या भावाने लग्नानंतर पैसे पाठवणे बंद केले आहे आणि पक्क्या छताच्या घरासाठी वडिलांनी आईला सोडून दुसरे लग्न केले आहे. आजच्या भाषेत मरवानला आर्थिक स्थलांतरित म्हणून बाजूला सारता येईल. पण त्या वडिलांचा निर्णय आणि त्या भावाचे मौन ही दोन्ही १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, घर गमावल्याची फळे आहेत, आणि कनफानी हे भाष्य न करता केवळ घटनांच्या क्रमातून पटवून देतात. भूक आणि छळ यांची जी वेगवेगळी खाती कायद्याने पाडली आहेत, ती एका कुटुंबाच्या आयुष्यात तशी वेगळी राहत नाहीत.

चालकाचे पात्र तर याहून विचार करायला लावणारे आहे. तोही निर्वासितच आहे, १९४८ च्या लढाईतील जखमेने त्याचे पौरुष गेले आहे, आणि आता त्याला फक्त पैसा हवा आहे. तो प्रेते कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ टाकतो, त्यांच्या खिशांतले पैसे आणि मरवानचे घड्याळ घेतो, आणि तरीही तुम्ही टाकीच्या भिंती का ठोठावल्या नाहीत, असा आक्रोश त्याच्या तोंडून निघतो. त्याच्या जखमेची हकिगत कनफानी या मृत्यूंच्या आधीच सांगून ठेवतात. ती नंतर सांगितली असती तर ती सबब वाटली असती. आधी सांगितल्यामुळे आपण त्याला सहजपणे खलनायक ठरवू शकत नाही, आणि माफही करू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल की पूर्वायुष्य दिलेच नाही तर निर्वासित हा आकडा होऊन बसेल, आणि वाचकाला जवळ आणण्यासाठी डॉक्टर किंवा शिक्षक उभा केला तर बिघडले कुठे? या आक्षेपात तथ्य आहे. पूर्वायुष्य हवेच, बाजारातली उधारी, भावाशी भांडण, अंगणातले झाड, सारे हवे. मात्र काही पूर्वायुष्ये माणूस समजावा म्हणून लिहिलेली असतात, तर काही शिफारसपत्रासारखी पुढे केलेली असतात. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांतील दुःख वाचून झाल्यावर वाचकाला स्वतःबद्दल फार बरे वाटते, आणि मला ते खटकते. कारण अशा वाचनाने भोळसट, लबाड, अडाणी किंवा नुसत्या कंटाळवाण्या निर्वासिताविषयी काहीही वाटण्याचा सराव आपल्याला होत नाही. छावण्यांतून आणि सीमांवरून उभ्या असलेल्या रांगांत अशीही माणसे असणारच, कारण कोणत्याही गावात ती असतात.

तेव्हा आपल्या पुरवणीतील परीक्षणकारांना माझी विनंती आहे की, निर्वासित नायकाविषयी लिहिताना त्याचा व्यवसाय आणि त्याची संस्कृती यांचे कौतुक करून थांबू नये. लेखकाने त्याच्या मागच्या आयुष्यातले काय सांगितले, काय लपवले, कोणत्या प्रकरणात उघड केले, आणि त्याच कादंबरीतील कोणत्या सहप्रवाशाला भूतकाळच दिला नाही, हे वाचकांना सांगावे. गुर्ना आणि कनफानी यांच्या या दोन पुस्तकांवर या दृष्टीने लिहिलेला विस्तृत लेख आपण प्रसिद्ध केलात, तर माझ्यासारखे अनेक वाचक तो आवर्जून वाचतील.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक