बादलीत गेलेला फॅशिया

मा. संपादक,
स. न.

देहदानावरचा लेख आपल्या अंकात वाचला, म्हणून हे पत्र. मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे दान आलेले देह चिरून मुलं शरीर शिकतात तिथे, मी ३१ वर्षं अटेंडंट होतो. मुलं मला मामा म्हणायची. टाकीतून बॉडी काढून टेबलावर घ्यायची, संध्याकाळी टेबलं धुवायची आणि प्रत्येक टेबलाखालची बादली सांभाळायची, हे माझं काम. बादलीवर बॉडीचा नंबर असायचा. त्या देहाचं जे निघेल ते त्याच बादलीत, म्हणजे अंत्यविधीला सगळं बरोबर जातं.

त्या बादलीत सगळ्यात जास्त पडायचा तो फॅशिया. कातडी सोलली की पांढरट पापुद्रा लागतो, स्नायूंना गुंडाळलेला, दोन स्नायूंच्या मधे शिरलेला. मटण साफ करताना बोटांना चिकटतो, तसलाच. सर सांगायचे, 'क्लीन करा.' मग मुलं तो चिमट्याने ओढून, स्काल्पेलने खरवडून काढायची, कारण पुस्तकातल्या चित्रात स्नायू लालबुंद आणि स्वच्छ असतो आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तसाच दाखवावा लागतो. एकदा एका मुलीने मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा हातात धरला, ओल्या मांजरपाटासारखा. म्हणाली, "मामा, ओढून बघा, फाटतच नाही. एवढं चिवट देवाने उगाच दिलं असेल का?" मी म्हटलं, "टाक बाळा बादलीत, वेळ होतोय." ते उत्तर मला आजही खुपतं.

गेल्या पावसाळ्यापासून माझी डावी टाच धरली आहे. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसतो, चार पावलं टाकली की कमी होतं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तळव्यावर अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "काका, हा प्लांटर फॅशिया, तळव्याचा." ज्याच्या बादल्या मी आयुष्यभर उचलल्या, तोच माझ्या पायात दुखत होता.

माझी नात फिजिओथेरपी शिकते. तिला बसवून सगळं विचारून घेतलं. केवळ फॅशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००७ साली बोस्टनला, हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये भरली. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या डॉ. कार्ला स्टेको यांनी फॉर्मलिन, म्हणजे देह टिकवायचं रसायन, न भरलेले देह घेऊन हे थर न खरवडता, एकेक करून उलगडले. त्या पापुद्र्यात मज्जातंतूंची टोकं आहेत, दुखणं कळवणारीसुद्धा. थरांच्या मधे वंगणासारखं हायलुरॉनिक आम्ल असतं, त्यावर ते एकमेकांवरून सरकतात. फ्रान्सचे हाताचे सर्जन डॉ. गिंबर्तो यांनी तर शस्त्रक्रिया करताना जिवंत माणसाच्या कातडीखाली कॅमेरा घातला. ती चित्रफीत नातीने मोबाइलवर दाखवली. ओलं, चमकणारं जाळं, हात हलला की त्यातला प्रत्येक धागा जागा बदलतो. मी ती तीनदा पाहिली.

आमच्या हॉलमध्ये हे दिसणार कुठून? फॉर्मलिनने मांस आवळतं, थर चिकटून बसतात. महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या देहात सरकणं उरतच नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही तेच झालं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जिवंत रुग्णांच्या पित्तनलिकेच्या भिंतीत द्रवाने भरलेली जाळी पाहिली आणि २०१८ साली ते प्रसिद्ध केलं. स्लाइड तयार करताना तो द्रव निघून जातो आणि जाळी चेपून बसते, म्हणून इतकी वर्षं ती भिंत सलग, घट्ट वाटत होती.

याचा बाजारही झाला आहे, तेही लिहितो. 'फॅशिया मोकळा करा, सगळे आजार घालवा' अशा जाहिराती आमच्या लालबागेत खांबाखांबांवर दिसतात. तळव्याचा किंवा मांडीचा फॅशिया जरासा दाबायलासुद्धा माणसाच्या हाताला न झेपणारा जोर लागतो, हे २००८ मध्ये गणिताने दाखवून झालं आहे. चोळून बरं वाटत असेल, पण लांबून येणाऱ्या गरीब माणसाकडून त्या नावावर हजारो रुपये घेऊ नयेत.

माझी विनंती वैद्यकीय महाविद्यालयांना आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून देहाचा मान राखण्याची शपथ घेतात, ते मला फार आवडतं. तोच मान बादलीतल्या पापुद्र्यालाही मिळावा. दर वर्षी निदान एका टेबलावर 'क्लीन करा' म्हणू नका. कातडीखालचा पहिला आठवडा मुलांना फक्त थर उलगडू द्या. ऑस्ट्रियातल्या डॉ. थील यांनी १९९२ मध्ये देह मऊ ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. खर्च जास्त आहे, पण एका देहापुरती तरी ती आपल्याकडे करून बघावी.

देहदानाचा अर्ज मी भरला आहे, मुलाने सहीही केली आहे. माझी बॉडी ज्या टेबलावर येईल तिथल्या मुलांनी डाव्या टाचेचा पट्टा खरवडण्याआधी बोटांनी चाचपून पाहावा. तो जाड झालेला लागेल.

— एक निवृत्त हॉल अटेंडंट, लालबाग, मुंबई